पावसाळ्यात जुन्या गाडीचा करंट नेमका कुठे गळतो?

शास्त्रीकाठ

आमच्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती वडिलांनी घेतलेली असून गेली सहा वर्षे मी चालवतो. आठवड्यातून दोनदा संगमेश्वरहून देवरुख आणि महिन्यातून एकदा साखरपा, आंबा घाट, मलकापूर या मार्गाने कोल्हापूर, एवढाच तिचा प्रवास असतो. उन्हाळ्यात आणि थंडीत तिची कसलीही तक्रार नसते, आणि म्हणूनच पावसाळ्यात ती अशी का वागते याचा उलगडा मला होत नाही.

रात्रभर पाऊस लागला की सकाळी स्टार्टर व्यवस्थित फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. चोक ओढून, न ओढता, दोन्ही प्रकारे प्रयत्न केले. बॉनेट उघडे ठेवले आणि दहाच्या सुमारास थोडे ऊन पडले की तीच गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते. दुसरी तक्रार घाटातली आहे. मागच्या आठवड्यात आंबा घाट चढताना दाट धुके होते, पाऊस मात्र अगदी बारीक होता. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी मिसिंग करून झटके द्यायची आणि पाय थोडा उचलला की सुरळीत चालायची. सपाटीवर काहीच नाही. आंबा गावात अर्धा तास थांबलो, तेवढ्यात ती आपोआप सुधारली आणि कोल्हापूरपर्यंत एकदाही झटका दिला नाही.

प्लग आणि पेट्रोल फिल्टर मे महिन्यात बदललेले आहेत. बॅटरी मागच्या वर्षीची आहे. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर बदलायला सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायला सांगितले. दोन्ही ठिकाणी बॉनेट उघडून कोणी काही मोजले नाही, याचे वाईट वाटले. खर्च करायची माझी तयारी आहे, पण दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय सुटे भाग बदलत बसायचे नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे कृपया सांगावे.

तारजोड

तुम्ही लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे निम्मे काम झाल्यासारखेच आहे. घाटात पाय दाबल्यावर मिसिंग आणि पाय उचलल्यावर सुरळीत, ही सर्वांत मोलाची खूण आहे. तिचा अर्थ थोडा विस्ताराने सांगतो.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागातली) करंट जोडणारी-तोडणारी टोके, आणि कॉइल म्हणजे बॅटरीचा दाब वाढवणारे तारेचे वेटोळे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यातून बॅटरीचा करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो आणि त्याच क्षणी बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हा दाब किती चढेल हे प्लगवर ठरते. प्लगची फट सहज ओलांडता आली तर तो सात-आठ हजारांवरच थांबतो आणि अवघड असली तर पंधरा-वीस हजारांवर जातो. पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येते, आतला दाब वाढतो आणि दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणजे चढावर कॉइल आपला दाब वाढवत नेते आणि मध्येच तिला प्लगपेक्षा सोपी वाट सापडते. ती वाट ओल्या, मळक्या पृष्ठभागावरून असते, चिरलेल्या कॅपमधून असते किंवा कुठे घासलेल्या केबलमधून असते. ठिणगी तिथून अर्थ होते, म्हणजे इंजिनाच्या लोखंडात उतरते, आणि त्या सिलिंडरचा ठोका चुकतो. पाय उचलला की गरज कमी होते आणि करंट पुन्हा प्लगकडे जातो.

दोष कार्बोरेटरचा असता तर गाडीचा दम हळूहळू गेला असता. पेट्रोल कमी पडले की इंजिन ओढ सोडत जाते, तर करंट तुटला की ठोका एकदम चुकतो आणि झटका बसतो. हा नियम शंभर टक्के लागू होतो असे नाही, पण सुरुवात कुठून करावी हे ठरवायला तो पुरेसा आहे.

पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. रात्री, पूर्ण अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि झाडांवर पाणी फवारायच्या बाटलीने अगदी बारीक तुषार कॉइल, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या केबल यांच्यावर एकेक करून सोडा. करंट जिथून गळतो तिथे ठिणगी डोळ्यांना दिसते आणि टिचटिच असा आवाज ऐकू येतो. एका वेळी एकच जागा ओली करा, नाहीतर कशामुळे काय झाले हे कळणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, अंगावर सैल कपडे नकोत, आणि इंजिन चालू असताना केबलला हात लावू नका. पॉइंटच्या इग्निशनचा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण दचकून हात फॅनमध्ये जाण्याचा धोका खरा आहे. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी या कामाच्या जवळही उभे राहू नये.

धुकट_वाट

मी आंबोलीजवळ राहतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा त्रास दरवर्षीचा आहे. मी पाणी हटवणारा स्प्रे कॉइलवर आणि केबलवर मारतो आणि गाडी लगेच सुरू होते. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा मारावा लागतो, इतकेच. एवढी तपासणी करण्यापेक्षा आधी हा उपाय करून पाहायला हरकत नसावी.

तारजोड

रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणायची असेल तर मीही तेच करीन. डब्ल्यूडी-४० हे नावच मुळी पाणी हटवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलेले आहे आणि १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार झाले. पाणी हटवण्याचे काम ते चोख करते.

तपासणीच्या आधी मात्र ते वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा फवारले की गळती दोन दिवसांसाठी झाकली जाते आणि दोष सापडण्याची संधी हातची जाते. शिवाय मागे तेलकट थर उरतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि पुढच्या ओलीत तोच मळ करंटची वाट होतो. दर चार दिवसांनी पुन्हा फवारावे लागते, याचा अर्थ तुमच्या गाडीतली गळती अजून तिथेच आहे. तुम्हीही एकदा अंधारात पाहून घ्या.

काळीपिवळी

माझ्या वडिलांनी मुंबईत सव्वीस वर्षे पद्मिनी टॅक्सी चालवली. तारदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून शहरातून गेली. त्या दिवशी वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

पावसाळ्याची त्यांची तयारी मे महिन्याच्या अखेरीसच सुरू व्हायची. डिस्ट्रिब्युटरला ते, इतर मेकॅनिकांप्रमाणेच, डेल्को म्हणायचे. डेल्को उघडून आतून कोरड्या फडक्याने पुसायचा, रोटरचे, म्हणजे आत फिरून प्रत्येक प्लगच्या टर्मिनलकडे करंट पोचवणाऱ्या तुकड्याचे, टोक पाहायचे, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून फिलर गेजने गॅप लावायचा आणि मग ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कॅपवरून टोपीसारखा चढवायचा. हिंदमाता आणि सायनला पाणी साचले की समोरचा फॅन तेच पाणी उचलून इंजिनावर मारतो, ते या टोपीने अडायचे. खालची बाजू ते नेहमी उघडी ठेवत. एका नव्या चालकाने सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळून डेल्को हवाबंद केला होता, तर त्याची गाडी उलट जास्त बंद पडू लागली. वडील म्हणायचे की डेल्कोला श्वास लागतो. त्यामागचे कारण मला माहीत नव्हते, फक्त तसे होते हे पाहिलेले आहे.

तारजोड

तुमच्या वडिलांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. कॅपच्या आत रोटर आणि टर्मिनल यांच्यामध्ये थोडी फट असते आणि प्रत्येक वेळी तिथेही ठिणगी उडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर आत मिनिटाला ६००० ठिणग्या होतात. प्रत्येक ठिणगी हवेतून थोडा ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार करते. ओल असेल तर त्यातून आम्ल बनते आणि ते पितळी टर्मिनलना खाते. म्हणून कॅपला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला बारीक भोक ठेवलेले असते. ते बुजवले की आतली वाफ आतच राहते.

डेल्को या शब्दाचे मूळही सांगून टाकतो. १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी अमेरिकेतील डेटन गावी काढलेल्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो आला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी जोडणी पद्मिनीत आहे, ती मुळात केटरिंग यांचीच. आपल्या गॅरेजांमध्ये त्या कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन बसले आहे.

किनारपट्टी

मी वेंगुर्ल्याला असतो. समुद्राजवळच्या गाड्यांबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. शुद्ध पाण्यातून करंट फारसा वाहत नाही, पण मीठ विरघळलेल्या पाण्यातून सहज वाहतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ कॉइलच्या माथ्यावर आणि केबलवर डोळ्यांना न दिसणारा थर करून बसते. हवेत दमटपणा आला की मीठ तो ओढून घेते आणि पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओला राहतो. म्हणून आमच्याकडे ऑक्टोबरमध्येही गाड्या मिसिंग करतात. मी वर्षातून दोनदा बॅटरीची तार काढून, इंजिन पूर्ण थंड असताना, कॅप आणि केबल गोड्या पाण्याने धुतो, घरात पंख्याखाली दिवसभर वाळवतो आणि मग जोडतो. पाण्याच्या त्रासावर पाण्याने धुणे विचित्र वाटेल, पण मीठ दुसऱ्या कशाने नीट जात नाही.

शास्त्रीकाठ

काल रात्री अंधारातली तपासणी केली. जे दिसले ते सविस्तर लिहितो.

साडेआठ वाजता अंगणातला आणि ओसरीवरचा दिवा बंद केला. धाकटा भाऊ आत बसला. इंजिन गरम झाल्यावर, पाणी न मारताच, कॉइलच्या मधल्या तोंडाभोवती फिकट जांभळी झाक दिसली. ती ठिणगी नव्हती, काजव्याच्या उजेडासारखे काहीतरी होते. मग पहिल्या सिलिंडरच्या केबलवर तुषार सोडले, काही झाले नाही. दुसरीवरही काही नाही. तिसरी केबल ज्या लोखंडी क्लिपमधून जाते तिथे पाणी पडताच निळी ठिणगी टिचटिच करत क्लिपवर उडू लागली आणि प्रत्येक टिचकाऱ्याबरोबर इंजिनाचा एक ठोका चुकू लागला. भावाला आतून काही दिसत नव्हते, तरी तो म्हणाला, "आता घाटात होते तसेच होते आहे." तो क्षण मी विसरणार नाही, कारण तीन पावसाळे जे आम्हाला छळत होते ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर होते.

इंजिन बंद करून, बॅटरीची तार काढून कॅप उघडली. टॉर्च तिरपी धरल्यावर आतल्या बाजूला, तिसऱ्या टर्मिनलपासून खाली कडेपर्यंत, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ दिसली. मध्ये तिला दोन फाटे फुटलेले होते, वाळूवरून ओघळ गेल्यावर राहतात तसे. नखाने खरवडली तरी ती जात नाही. क्लिपजवळ केबलचे रबर अर्धे घासून गेले आहे. कॉइलच्या माथ्यावर तेलकट मळाचा थर होता, तो स्पिरिट लावलेल्या फडक्याने काढल्यावर फडके काळे झाले.

केबल मल्टिमीटरने मोजली तर चारही केबलचे आकडे सारखेच आले. मग तिसरी केबल खराब कशी, हे समजत नाही.

तारजोड

मल्टिमीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल आतून अखंड आहे की तुटलेली, एवढेच तो सांगतो. वरचे रबर वीस हजार व्होल्ट अडवू शकते की नाही, हे नऊ व्होल्टने कळणे शक्य नाही. मीटरने पास केलेल्या केबल आणि कॉइल ओलीत नापास होताना मी बऱ्याचदा पाहिल्या आहेत. या बाबतीत तुमचे डोळे मीटरपेक्षा विश्वासाचे.

कॅपमधली रेघ म्हणजे जळलेला मार्ग आहे. पहिल्यांदा ओलीमुळे तिथून ठिणगी गेली, तिच्या उष्णतेने कॅपचे बॅकेलाइट (कडक प्लॅस्टिक) जळले आणि मागे कार्बन राहिला. कार्बनमधून करंट वाहतो, म्हणून पुढच्या वेळी ठिणगीला तीच वाट आणखी सोपी झाली. अशी रेघ पुसून किंवा घासून जात नाही. काही जण ती कानशीने खरवडून वर वॉर्निश लावतात, आणि तेवढ्याने महिनाभर निभावतेही, पण कॅप बदलणे हाच उपाय आहे. रोटरही तपासा. त्याच्या पितळी पट्टीखाली बारीक भोक किंवा जळका ठिपका असेल तर करंट तिथून सरळ शाफ्टमध्ये उतरतो.

नवी कॅप घेताना दुकानातच उलटी करून पाहा. मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर मोकळा वरखाली व्हायला हवा. चारही टर्मिनल एका पातळीत हवीत. जुन्या गाड्यांचे हलके सुटे भाग हल्ली सर्रास येतात आणि त्यांत हाच खुंट अडकलेला असतो. केबल एकेक काढून एकेक बसवा, म्हणजे क्रम चुकणार नाही. तरीही चुकलाच, तर या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. केबलच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांत सिलिकोन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

प्लग नवे असले तरी त्यांचा गॅप मोजलेला नाही, असे दिसते. डब्यातून निघालेला गॅप तुमच्या गाडीचा असेलच असे नाही. पद्मिनीला तो साधारण ०.६ मिलिमीटर लागतो. तो ०.९ असेल तर कॉइलला विनाकारण जास्त दाब द्यावा लागतो आणि गळती तितकी सोपी होते.

ऑम्नी_९६

या धाग्यामुळे माझ्याही गाडीचे कोडे सुटले, म्हणून लिहितो. माझ्या ऑम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. वरून पाऊस लागत नाही, पण खालून चाकाने उडवलेला चिखल सरळ वर येतो. खालचा रबरी पडदा फाटून गेला होता आणि मी दोन वर्षे वरून ताडपत्री घालत होतो. पडदा नवीन लावल्यापासून त्रास नाही. पाणी कोणत्या दिशेने येते, हेही पाहायला हवे.

एक शंका आहे. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे पावसाळ्यात असे होऊ शकते का?

तारजोड

होऊ शकते, पण लक्षणे निराळी असतील. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टाकीच्या झाकणाचे रबर कडक झालेल्या जुन्या गाडीत पावसाचे पाणी आत झिरपते, तेव्हा हा त्रास होतो. अशी गाडी बॉनेट उघडे ठेवून ऊन दाखवल्याने बरी होत नाही. तपासायचे असेल तर फिल्टरच्या आधीच्या नळीतून काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढा आणि तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावे आणि त्याच दिवशी ठिणगीची कोणतीही तपासणी करू नये.

शास्त्रीकाठ

कॅप, रोटर आणि चारही केबल बदलल्या. प्लगचा गॅप खरोखरच ०.८५ निघाला, तो ०.६ वर आणला. रविवारी मुद्दाम आंबा घाट चढून आलो. धुके आणि पाऊस दोन्ही होते, पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही एकही झटका बसला नाही. आपले मनापासून आभार.

पण आज सकाळी, रात्रभरच्या पावसानंतर, गाडी पुन्हा सुरू झाली नाही. स्टार्टर फिरतो, पेट्रोलचा वास येतो, आणि सातव्या-आठव्या प्रयत्नानंतर कशीबशी सुरू होते. एकदा सुरू झाली की दिवसभर उत्तम. म्हणजे घाटातला दोष गेला आणि सकाळचा राहिला. इलेक्ट्रॉनिक किट बसवावे का?

तारजोड

अजून नको. इलेक्ट्रॉनिक किट पॉइंटची जागा घेते. कॅप, रोटर, केबल, कॉइल आणि कॉइलपर्यंत येणारी वायर तीच राहते. दोष वायरमध्ये असेल तर किट बसवूनही सकाळी हेच होईल.

तुमच्या गाडीत एक नव्हे, दोन दोष होते असे आता मला वाटते. स्टार्टर फिरताना बॅटरी बराच करंट त्याला देते आणि तिचे व्होल्टेज १०च्या आसपास उतरते. त्यातून वाटेत आणखी व्होल्ट गळाले तर कॉइलला सात-आठच मिळतात आणि ठिणगी क्षीण होते. कोरड्या हवेत तेवढी पुरते, सकाळच्या ओलीत पुरत नाही. इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंग चालू होऊन व्होल्टेज १४पर्यंत जाते, म्हणून दिवसभर काही जाणवत नाही.

मल्टिमीटर खऱ्या उपयोगाचा इथे आहे. पॉइंट मिटलेले असतील अशा स्थितीत इंजिन ठेवून चावी चालू करा. मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी कॉइलच्या धन टर्मिनलला लावा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर शोध घ्यायचा. तीच मोजणी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत स्टार्टर फिरवताना करा. आणि चावी या स्थितीत मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नका, कॉइल तापते.

नवी_जुनी

माझी गाडी २००६ सालची आहे, तिला डिस्ट्रिब्युटरच नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. तरीही गाडी धुतल्यावर आणि मोठ्या पावसात मिसिंग होते, इंजिनाचा दिवा लुकलुकतो. वरच्यातले काही मला लागू आहे का?

तारजोड

तत्त्व तेच आहे, जागा बदलते. तुमच्या गाडीत प्लग खोल विहिरीसारख्या खाचेत असतात. वरच्या कव्हरचे रबर किंवा कॉइलचे रबर कडक झाले की तिथे पाणी साचते, कधी तेलही साचते, आणि करंट प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून सरकून बाजूला अर्थ होतो. कॉइल काढून रबरी नळीच्या आत आणि प्लगवर काळी उभी रेघ दिसते का पाहा. स्कॅनरवर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी जो कोड येईल त्याचा शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहा. कोडही तिकडे गेला तर दोष कॉइलचा आहे. दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नका, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळते. आणि पॉइंटच्या गाडीत करतात तसे चालू इंजिनावर कॉइल उपटून ठिणगी पाहू नका, कॉइल किंवा संगणक कायमचा जाऊ शकतो.

शास्त्रीकाठ

मोजमाप झाले. चावी चालू, पॉइंट मिटलेले: बॅटरीवर १२.५, कॉइलवर १०.६. म्हणजे जवळपास दोन व्होल्ट वाटेत जात होते. स्टार्टर फिरवताना कॉइलवर ८.१ मिळाले. ऋण बाजूला, ब्लॉकपर्यंत, फक्त ०.२ चा फरक आला, म्हणून तिकडचा शोध सोडला.

मग मीटर तसाच लावून भावाला एकेक जोड हलवायला सांगितले. बॅटरीचे टर्मिनल हलवले, आकडा स्थिर. चावीच्या स्विचमागची जाड वायर हलवली तेव्हा आकडा १.९ वरून ०.७ वर आला आणि पुन्हा चढला. स्विच बाहेर काढल्यावर दिसले की त्या टर्मिनलचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता आणि पितळेवर हिरवट पांढरी पूड बसलेली होती. डॅशबोर्डच्या वरच्या कडेने, काचेच्या रबरातून पाणी झिरपून तिथे येत होते, कारण स्विचमागच्या पत्र्यावर ओघळाचा डाग आहे. टर्मिनल पॉलिश पेपरने साफ केले, वायरचे टोक कापून नवीन लग (स्क्रूखाली बसणारे धातूचे टोक) दाबून बसवले, स्क्रू आवळला. आता कॉइलवर १२.३ आणि स्टार्टर फिरवताना ९.९ मिळतात.

त्यानंतर सलग चार रात्री पाऊस पडला. चारही सकाळी गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. कॉइल जुनीच आहे, कार्बोरेटरला हात लावलेला नाही, पॉइंटही तेच आहेत. काचेचे रबर दिवाळीआधी बदलायचे आहे, तोवर कडेला सीलंट भरले आहे.

काळीपिवळी

वाचून फार समाधान वाटले. वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ते विचारत आहेत की तिसऱ्या केबलची ती लोखंडी क्लिप काढून टाकली का?

शास्त्रीकाठ

काढलेली नाही. केबल मोकळी सोडली तर ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकते. क्लिप थोडी उघडून आत सायकलच्या ट्यूबचा दुहेरी पट्टा घातला आहे आणि केबल त्यात सैल राहील एवढीच दाबली आहे. काल रात्री पुन्हा दिवे बंद करून तिथे पाणी फवारले. काहीच दिसले नाही, आणि ठोकाही चुकला नाही.